उत्तमबापूंचं स्टॉपवॉच

रनाळ्यात एखाद्या माणसानं तुमच्या अंगणात न विचारता बूड कापलेला तेलाचा डबा ठोकला, त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि गळ्यातलं स्टॉपवॉच दाबून तो उकिडवा बसला, तर घाबरू नका. ते आमचे उत्तमबापू. पाणी किती वेळात जिरतं ते बघतात आणि जागेवर निकाल देतात. भरकन जिरलं की "पास!" साचून राहिलं, की तुमच्याकडे असं बघतात जणू तुम्ही कुणाचा गळाच दाबलाय.

"मातीमा खोल्या ऱ्हातस, भो. बारीक बारीक. एकमा हवा, एकमा पाणी. तू दाबी टाकी, त त्या ऱ्हातीन कोठे?"

म्हणून त्यांच्या वावरात चप्पल घालून शिरायचं नाही. एकदा खत विकणारा एक गडी बुटांसकट आत घुसला. बापूंनी बूट काढायला लावले आणि त्याच्या मोज्यांची भोकं सगळ्या शिवारानं पाहिली. पुतणीच्या लग्नात पंगत बसलेली, वाढपी घामाघूम, आणि हे वाढप्यांच्या वाटेतच डबा ठोकून बसलेले! मांडवाची जागा नापास झाली, हे नवरदेवाला स्वतः जाऊन सांगितलं.

मी दिलीप. त्यांचा माझा बांधाला बांध. माझ्याकडे ट्रॅक्टर आहे, आणि माझ्याइतकं सरळ नांगराचं तास गावात कुणाचं पडत नाही. तरी तीन वर्षं माझं वावर नापास! "वाफसा येवाना पहिलेच ट्रॅक्टर घालस तू. ओली माती चेपाई जास, सगळ्या खोल्या पाडी टाकस," असं चारचौघांत ऐकवायचे. जाम चिडायचो. पण यंदा म्हटलं, होऊनच जाऊ दे. ओल्यात ट्रॅक्टर घातला नाही, शेणखत भरपूर टाकलं. बापूंनी डबा ठोकला, पाणी बघता बघता गडप! "पास!" म्हणत त्यांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. देवाशप्पथ, दहावीलासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

आता याची परतफेड नको करायला? बापूंचं सगळं वावर लोण्यासारखं, पण उत्तरेच्या बांधाला लागून बैलगाडीएवढ्या रुंदीचा एक लांब पट्टा होता, सिमेंटसारखा टणक. पाऊस पडला की पाणी नेमकं तिथंच तुंबायचं. मला वाटलं, वय झालं, आता होत नसेल त्यांच्यानं. बापू नंदुरबारला गेलेत असं बघून मी रोटाव्हेटर जोडला आणि निघालो.

हातभर माती उकरली असेल नसेल, तेवढ्यात आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर बापू! एसटीतून उतरून थेट उभ्या कपाशीतून पळत येत होते, आणि पायात बूट! स्वतःच्या वावरात! मी गारच पडलो. ते ट्रॅक्टरसमोर आडवे उभे राहिले.

"हाई नको, भो," धापा टाकत म्हणाले. "हाई मन्ही ज्योतीनी पळानी जागा शे."

ज्योती त्यांची एकुलती एक पोर. पोलीस भरतीसाठी रोज सकाळी याच बांधाकडेनं पळायची, आणि टोकाला बापू स्टॉपवॉच घेऊन उभे. ते घड्याळ त्यांनी तिच्यासाठीच आणलं होतं. पोर भरती झाली, गडचिरोलीला गेली. घरात बापू एकटे. घड्याळाला काही काम उरलं नाही, म्हणून ते गावभर पाणी मोजत फिरतात. तिला पळताना मीही पाहिलं होतं, पण तो पट्टा बापूंनी मुद्दाम टणक ठेवलाय हे मला शेजारी असून कळलं नव्हतं.

"दोन दिवाळ्या सुटी भेटनी नही तिले," बापू म्हणाले. "पण घर उनी का हाईच जागावर पळस ती. नरम मातीमा तिना पाय मुरगळी जाई ना."

मला माझीच लाज वाटली. ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरलो आणि सवयीनं चप्पल काढायला लागलो.

"ऱ्हाऊ दे पायमा. जोरमा आपट."

मग ती उकरलेली हातभर जागा आम्ही दोघांनी पाय आपटून आपटून चेपली. शेजारच्या वावरातल्या बायका खुरपी टाकून बघत राहिल्या. बापूंनी घरून डबा आणला, ठोकला, पाणी ओतलं, स्टॉपवॉच दाबलं. आम्ही दोघं उकिडवे बसून राहिलो. पाणी तसूभरही हललं नाही.

बापूंनी बाहीनं डोळे पुसले.

"पास," म्हणाले.