लाकडी पियानो व्यासपीठावरून उतरला त्याची हकिकत

श्रीनादब्रह्म प्रसन्न. ज्यांस ऐकू येते त्यांणी कान द्यावे, ज्यांस येत नाही त्यांणी निदान पुढली जागा द्यावी. शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी वर्तमान घडले ते लिहितो. प्रथम लाभाचा अंदाज मांडतो, कारण माणूस मसलतीत का शिरला हे कळल्यावाचून त्यात का बुडाला हे कळत नाही. योएल साळवे, एका रॉक बँडाच्या राज्यात पियानोवर नेमलेले, यांस खरा लाकडी पियानो व्यासपीठी चढविण्यात लाभ दोन होते. एक, कीबोर्डापुढे उभे राहणाऱ्या परराज्यांच्या वादकांहून आपण निराळे दिसू. हा लाभ ते चारचौघांत सांगत. दुसरा सांगत नसत. तीर्थरूप इम्मानुएल साळवे यांचा धंदा पियानो जुळवण्याचा, आणि शहरातले पियानो एकेक करून अडगळीत गेले, चर्चमध्येही कीबोर्ड बसले, आणि जुळवावयास एकच पियानो उरला, तो घरचा. तो मैदानोमैदानी हिंडला म्हणजे हलणार, हलला म्हणजे सूर उतरणार, आणि मग दर कार्यक्रमास पप्पांवाचून कोणाचे चालणार नाही, ऐसा हिशेब.

राज्याचे नाव लिहीत नाही, टी-शर्टांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. धनी, म्हणजे राजे, विश्वजित सरनोबत, गिटार आणि गायन दोन्ही खाती आपल्याकडे राखून होते. त्यांणी टेंपोतून चार हमालांनी उतरविलेला पियानो पाहिला आणि बोलिले, "साळव्या, हे कपाट कुणाचं उचलून आणलंस?" योएल बोलिले, "दादा, एकदा ऐक तरी." मग पप्पांनी दोन घटका खपून तारा जुळविल्या आणि दुपारच्या साउंडचेकास, म्हणजे आवाजाच्या चाचणीस, योएल यांणी एकट्याने वाजविले आणि रिकामे मैदान काठोकाठ भरले आणि राजे खूष जाहले. पप्पा मैदानाच्या पार टोकाशी उभे राहून ऐकत, हात वर करीत, आणि सायंकाळचा गलबला सोसत नाही म्हणून घरी जात. कान जपणे हा त्यांच्या धंद्याचाच भाग. हा शिरस्ता तीन वर्षे चालला.

आता सायंकाळचे राजकारण ऐकावे. कार्यक्रम उभा राहिला की गिटारवाले आवाज चढवीत, कारण ड्रम मोठा, आणि ड्रमवाले जोराने हाणीत, कारण गिटार मोठी, आणि मग बेसवाले मागे का राहतील. पियानोच्या झाकणाखाली दोन माईक लाविलेले, ते भोळे, शेजारी जे वाजेल ते उचलीत. समोर मिक्सरावर लतीफ मुजावर, आवाजाचे कारभारी, मोठे सज्जन. त्यांणी पियानो वर केला की पियानो न येता ड्रमच दुप्पट येई, आणखी वर केला की कान फाटेल ऐशी शिटी उठे. लतीफभाईंनी दोन कार्यक्रम झटापट केली आणि तिसऱ्यापासून साउंडचेक आटोपला की पियानो मैदानाकडे बंदच करून ठेविला. योएलच्या पायाशी जो स्पीकर असतो, ज्यात वादकास आपले आपण ऐकू येते, त्यात मात्र हात राखला नाही. तेणेकरून योएल संतुष्ट, राजे संतुष्ट, रयत संतुष्ट. रयतेस पियानो दिसत होता, आणि जे दिसते ते ऐकूही येत असेल ऐसे मानून रयत नाचत होती. राजांस ठाऊक, ड्रमवाल्यांस ठाऊक, आणि "पुढच्या शोला सांगू" ऐसे म्हणता म्हणता तीन वर्षे लोटली. योएल कधी कोणाच्या मोबाइलात आपले गाणे ऐकत आणि म्हणत, "मोबाइलमध्ये पियानो नीट येतच नाही." माणसास जे ऐकावयाचे नसते, त्याचा दोष तो यंत्रावर लोटतो.

मार्गशीर्षात पप्पांस सत्तरावे लागले. ते बोलिले, "कानांचं काय व्हायचं ते होऊ दे. यंदा समोर बसणार." योएल यांणी त्यांजसाठी चौथ्या गाण्यात मधला एक तुकडा नवा रचिला. लतीफभाईंनी पहिल्या रांगेत म्हातारा पाहिला आणि धावत राजांकडे गेले. "दादा, आज तरी सांगायचं का त्याला?" राजे बोलिले, "शोच्या तोंडावर? उद्या सांगू." मग कार्यक्रम जाहला आणि योएल घामाने निथळत खाली उतरले आणि पुसते जाहले, "पप्पा, कसं वाटलं?" पप्पा म्हणाले, "छान. हात छान चालत होते." "आणि चौथ्यातला तो तुकडा?" पप्पा हळूच बोलिले, "बाळा, मला तू ऐकू आला नाहीस." योएल हसले, "काहीतरीच काय!" आणि साक्षीसाठी लतीफभाईंकडे वळले, तो लतीफभाई गुंडाळलेली वायर पुन्हा गुंडाळीत होते.

"किती दिवस, लतीफभाई?" "तुझ्या पायाशी देत होतो रे. मनापासून देत होतो." मग राजे पुढे जाहले. "अरे, लोक तुला बघायला यायचे, साळव्या." "आणि ऐकायला?" राजांनी यावर तोड काढिली. "कीबोर्ड घे. वायर सरळ मिक्सरमध्ये. माईक नाही, ड्रम शिरायचा नाही, शेवटच्या माणसाला ऐकू येशील. मी पहिल्या दिवशीच म्हणणार होतो." तेव्हां योएल यांचे भान सुटले आणि जे तीन वर्षे पोटात होते ते तोंडून निघाले. "कीबोर्ड घेतला तर पप्पा काय करतील?"

पप्पा तेथेच उभे होते. ते बोलिले, "म्हणजे हे कपाट गावभर माझ्यापायी फिरवलंस होय?" मग पप्पांनी योएल यांच्या पाठीवर हात ठेविला आणि म्हणाले, "वेडा आहेस. मला काम नको रे. मला तू ऐकू यायला पाहिजेस. घे कीबोर्ड."

पौषात कीबोर्ड आला आणि स्वर न् स्वर शेवटच्या कुंपणापर्यंत पोहोचला आणि रयत प्रथमच "योएल, योएल" ऐसे ओरडली. पप्पा पहिल्या रांगेत होते. गर्दी पांगल्यावर ते व्यासपीठी चढले, एक पट्टी दाबली, सवयीने वाकून कान लाविला. "पक्का आहे. हा नाही उतरायचा," इतुके बोलिले आणि घरी गेले. पुढे साउंडचेकास योएल अगत्याने बोलावीत, तेव्हां पप्पा म्हणत, "मी येऊन काय करू? उगाच एक खुर्ची अडेल."

तात्पर्य थोडक्यात. राजांस भरीव नाद मिळाला, लतीफभाईंस झोप मिळाली, रयतेस तीन वर्षे नुसता पाहिलेला वादक ऐकावयास मिळाला, योएल यांस नाव मिळाले. किंमत मोजणारे एकटे इम्मानुएल साळवे, आणि पौषातील त्या कार्यक्रमी सर्वांआधी टाळी वाजविली ती त्यांणीच.