सात बावन्नचं रडू

एखादं संगीत नाटक माणसाने किती वेळा पाहावं, याबाबत कोणताही लेखी नियम उपलब्ध नाही. मी शोधला. नळजोडणी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाला, नियमच नसलेली गोष्ट करताना जरा धाकधूक होते. तरीही घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याचं ते दौऱ्यावरचं नाटक मी पदरच्या पैशाने अडतीस वेळा पाहिलं. ही फुशारकी नव्हे, नोंद आहे. कंपनी गावात असली की चालत जायचो, शेजारच्या गावी गेली की दोन बस बदलून. त्यापायी माझी किरकोळ रजा संपली, मग आजारपणाची संपली, आणि आता नियमावलीत फक्त बाळंतपणाची उरली होती.

गाणी चांगली आहेत म्हणून जातो, असं मी लोकांना सांगायचो. खरं कारण दुसऱ्या अंकात होतं. म्हाताऱ्याची मुलगी नोकरीसाठी परगावी निघते. तिची गाडी आठची. म्हातारा काय करतो, तर गाणं म्हणत म्हणत दुकानातली एकूण एक घड्याळं तासभर मागे लावतो. बस, एवढंच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी असा काही रडलो की शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी चष्मा पुसायचा रुमाल मला देऊन टाकला. आमची मुलगी परगावी जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. तिला सोडायला गेलो तेव्हा मी रडलो नव्हतो. मी सामानाचे नग मोजत होतो.

"तिची खोली रिकामी आहे की," बायको म्हणायची. "तिथे बसून रडा. त्यासाठी तिकीट कशाला काढायचं?"

"अगं, घरी नाही येत रडू."

"मग मला कुठे येतंय?" असं म्हणून ती भांडी आवरायला लागायची. नाटकाला चल म्हटलं तर म्हणायची, "तुमचं एकट्याचं चाललंय ते पुरे आहे."

अडतिसाव्या प्रयोगाला घोटाळा झाला. पहिल्या अंकात एक गिऱ्हाईक तक्रार करतं, "घड्याळ मागे पडतंय." त्यावर म्हातारा म्हणतो, "घड्याळ बरोबर आहे, तुम्हीच पुढे पळताय." आता सदतीस वेळा ऐकलेला माणूस वाक्याची वाट कशाला बघेल? गिऱ्हाइकाने नुसतं तोंड उघडलं आणि मी खो खो हसलो.

"काका," मागच्या बाई म्हणाल्या, "विनोद अजून व्हायचाय."

पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी हसलो म्हणून शेजारचे हसले, ते हसले म्हणून त्यांच्या पलीकडचे, आणि म्हाताऱ्याचं वाक्य आलं तेव्हा अख्खं सभागृह पोट धरून हसत होतं. मध्यंतरात व्यवस्थापकांनी केबिनमध्ये बोलावलं. आता आपली इथून हकालपट्टी, अशा खात्रीने मी माफीचा मजकूर मनात जुळवत गेलो.

"आज पहिल्या अंकाचा हशा बावीस टक्क्यांनी वाढला," व्यवस्थापक म्हणाले. "उद्या येताय ना?"

दुसऱ्या दिवशी पत्रच हातात पडलं. 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आसन क्रमांक क-११ येथे हास्यप्रवर्तक (मानद) या पदावर आपली तात्पुरत्या स्वरूपात नेमणूक करण्यात येत आहे.' वर जावक क्रमांक! सत्तावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पत्रांवर जावक क्रमांक घातले. माझ्यासाठी कुणी घातलेला हा पहिलाच. मी पत्राला चौकट करून ते दिवाणखान्यात लावलं.

"आपल्या लग्नाचा फोटो अजून ट्रंकेत आहे," बायकोने आठवण करून दिली.

पत्रासोबत तक्ता होता. नाटकात एकूण चौदा विनोद. प्रत्येकासमोर हास्याचा प्रकार (स्मित, खुदकन, खो खो), कालावधी, आणि तळटीप: हास्यास विनोदाच्या अर्धा सेकंद आधी आरंभ करावा. हजेरीपटावर सही करायची, ती वेगळी. आठवड्याभरात पहिलं ज्ञापन आलं. विनोद क्रमांक सहाला मी तीनऐवजी पाच सेकंद हसलो होतो आणि नायिकेच्या गाण्याचं तोंड त्यात बुडालं होतं. मी लेखी खुलासा दिला की, तो विनोद त्या दिवशी मला खरोखरच आवडला. त्यावर शेरा आला: 'कारण असमाधानकारक. पुन्हा आवडल्यास कारवाई करण्यात येईल.'

शहाणा माणूस इथेच थांबला असता. पण मी पडलो नोकरदार. मी विनोद आवडून घेणं बंद केलं आणि आरशासमोर उभं राहून तीन सेकंदांचा सराव सुरू केला. माझं हसणं सुधारलं. म्हणजे, मला हसू येईनासं झालं आणि हसता मात्र उत्तम यायला लागलं.

मग ते दुसरं ज्ञापन आलं. 'विषय: विनापरवाना रडणे. दुसऱ्या अंकात ७ वाजून ५२ मिनिटांनी आपण रडत असल्याचे निदर्शनास आले आहे. हास्य विभागातील व्यक्तीने रडणे शिस्तीस धरून नाही. शिवाय विनोद क्रमांक १२ त्यानंतर अवघ्या अठरा मिनिटांनी असून, नाक चोंदलेले असता खो खो हसता येत नाही, असा तांत्रिक अहवाल आहे.'

आता मात्र माझं डोकं फिरलं. सकाळीच तडक केबिन गाठली.

"साहेब, हसू घ्या. चौदाच्या चौदा तुमचे. पण ते रडू माझं आहे हो! त्याच्यासाठीच तर येतो मी. हा घ्या राजीनामा."

व्यवस्थापकांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कपाटातून एक फाईल काढून पुढ्यात उघडली. पहिल्याच पानावर मी होतो. 'आसन ड-१२. मध्यमवयीन गृहस्थ. पहिलीच वेळ. ७.५२ वाजता रडले. क-१२ यांचे काम समाधानकारक.'

मला आठवलं. पुढच्या ओळीत, बरोबर माझ्यासमोर, पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या, हल्ली क-११ च्या शेजारी बसायच्या त्याच. त्यांचे खांदे हलत होते. माझ्या आधी हलले होते. अर्धा सेकंद.

"म्हणजे ते रडू माझं नव्हतंच?"

"असं कसं? तुमचंच होतं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "वेळ तेवढी आमची होती."

मला फार वाईट वाटलं. तिथल्या तिथे ढसाढसा रडावं इतकं वाईट वाटलं, पण सकाळचे अकरा वाजले होते.

"त्या बाई आता निवृत्त होताहेत," व्यवस्थापकांनी फाईल मिटली. "अश्रुप्रवर्तक हे पद रिकामं होतंय. रोज सात बावन्नला, रीतसर, परवानगीने रडायचं. बघा विचार करून."

अशा वेळी स्वाभिमानी माणसाने काय करावं, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी विचारलं, "पद कायम आहे का?"

होतं. मी क-१२ वर रुजू झालो. कायम झाल्याचं कळल्यावर बायको पहिल्यांदाच म्हणाली, "बघू तरी काय दिवे लावता तिथे." कुटुंबीयांसाठीच्या पासवर तिला ड-१२ मिळालं. नव्या माणसाला तीच जागा देतात.

सात बावन्नला म्हाताऱ्याने घड्याळं मागे लावायला घेतली. मी खांदे हलवले. डावीकडे हुंदका, उजवीकडे हुंदका, मागे दोन-तीन ठिकाणी नाकं ओढल्याचे आवाज. ड-१२ मधून मात्र काहीच नाही. स्वतःच्या घरचंच माणूस आणि निकाल शून्य! मला लाज वाटली.

मग विनोद क्रमांक बारा आला. म्हातारा एकटाच जेवायला बसतो. सवयीने दोन ताटं मांडतो, दुसऱ्याकडे बघतो, स्वतःशीच चरफडत ते उचलून परत फडताळात ठेवतो. क-११ वरचा नवा माणूस वेळेवर हसला आणि त्याच्यामागून सगळे हसले. त्या हशात माझ्या मागे कुणीतरी तोंडावर हात दाबून रडत होतं.

आवाज ओळखायला मला वळावं लागलं नाही. तीस वर्षांचा संसार आहे. चौदा महिने झाले, आमच्या घरी ती रोज तीन ताटं काढते आणि त्यातलं एक परत ठेवते. मी रोज बघतो, आणि रोज म्हणतो, "चल, वाढ." मागे वळावं, तिचा हात धरावा, असं मला फार फार वाटलं. पण क-१२ ने प्रयोग चालू असताना मागे पाहू नये, असा नियम आहे. लेखी आहे. मी पाळला.

प्रयोगानंतर अहवाल भरला. 'आसन ड-१२. गृहिणी. पहिलीच वेळ. ७.५२ वाजता निरंक. ८.१० वाजता, विनोद चालू असताना, रडल्या. मार्गदर्शनाची गरज.' खाली सही केली, तारीख घातली.

परतताना बसमध्ये ती म्हणाली, "अहो, त्या ताटाला लोक हसले का?"

"अगं," मी म्हणालो, "तिथे हसायचं असतं."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मग थांबा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्या महिन्यात दौरा तुमच्या गावी आहे. जरूर या. कुठे हसायचं आणि कुठे रडायचं याची चिंता करू नका. आजवर तरी ती तुम्ही कुठे केलीत?