डोळ्यांखालील काळिम्याची हकीकत

श्री. ज्याने माणसास डोळे दिले आणि ते मिटावयास पापण्याही दिल्या, त्या देवास नमस्कार करून हकीकत लिहिली जाते ऐसी जे : शकाचा आकडा दप्तरी वाळवीने खाल्ला, परंतु साल ओळखावयास खूण राहिली आहे. ज्या साली महाराजांस चौथी कन्या झाली, आणि पुत्र होईल म्हणून आणविलेली साखर कारभाऱ्यांनी परत कोठीत घालून बारशास गूळ वाटला, ते साल. राज्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही.

ते साली राणी मैनाबाईसाहेब बाळंतपणातून उठल्या त्या निम्म्याच उठल्या. रक्त फार गेले होते. देवघराच्या पायऱ्या चढतां त्यांस धाप लागे, मग मध्येच थांबून भिंतीस हात लावीत, आणि कोणी आले म्हणजे भिंतीवरील चित्र पाहात आहो ऐसे दाखवीत. हौसा म्हणून सुईण होती, चारी कन्या तिनेच सोडविल्या होत्या, तिने एके दिवशी बाईसाहेबांची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली आणि कपाळास हात लाविला. म्हणाली, "बाईसाहेब, आत तांबडे काही उरलेच नाही, चुना फासल्यासारखे पांढरे आहे. डोळ्यांखाली ही काळोखी आली ती उगाच नव्हे. वेळेवर खा, पोटभर खा आणि अंग टाका. नाहीतर पुढचे बाळंतपण करावयास मी यायची नाही."

"का ग, रुसलीस?"

"मी असेन. बाळंतीण नसेल."

राणीसाहेब हसल्या आणि म्हणाल्या, "हौसे, जिभेस धार लावूनच घरून निघतेस की काय?" परंतु मनात भय बसले, कारण धाकटी अजून मान धरत नव्हती. डिंकाचे लाडू, खारीक, हळीव, काळ्या मनुका हे सर्व बाळंतिणीसाठी माहेराहून आले होते आणि कोठीत डबे भरून होते. खावे आणि उठावे, मुलीस मोठे करावे, इतकेच त्यांच्या मनात होते.

परंतु त्याच सुमारास महाराजांनी आरसा पाहिला, आणि पाहून हाकाटी केली कीं राज्य बुडाले. महाराजांच्या डोळ्यांखाली दोन काळी वर्तुळे पडली होती. महाराजांस सोंगट्यांचा नाद, पट मांडला म्हणजे कोंबडा आरवेपर्यंत उठणे नाही, हे स्वयंपाकघरातील मांजरासही ठाऊक होते. तथापि दरबार भरला, आणि वैद्यराज गुंडोपंत उभे राहून बोलिले, "काळिम्याची कारणे बहुत. पित्ताने येतो, उन्हाने येतो, डोळे चोळल्याने येतो, वाडवडिलांकडून येतो, आणि जागरणा..." तो महाराजांची भुवई वर गेली, आणि गुंडोपंत तोच श्वास न सोडता म्हणाले, "आणि जागरणाने मात्र मुळीच येत नाही, ऐसे ग्रंथी स्पष्ट आहे." मग सर्व दरबार माना डोलविता जाहला.

मग उपाय सुरू जाहले. चंदन उगाळले, साय फेटली, बदामाचे तेल काढिले, आणि डोळ्यांवर थंड काकडीच्या चकत्या ठेवाव्या ऐसे ठरले. महाराज चकत्या ठेवून पटावर बसले. फासा पडला तो दिसेना, तेव्हा मानकरी ओरडले, "पौबारा, महाराज!" पुन्हा फासा पडला, पुन्हा पौबारा. जन्मात महाराज इतके जिंकले नव्हते. त्यांस काकडीचा गुण फार आला, आणि खेळ पूर्वीपेक्षा अधिक चालू लागला, आणि वर्तुळे अधिक काळी जाहली, आणि गुंडोपंत म्हणाले, "रोग बाहेर पडतो आहे, शुभ आहे."

परंतु रोग बाहेर पडावयास आतून बळ हवे, म्हणून त्यांनी डिंक, खारीक आणि हळीव सांगितले. कारभारी येसोपंत कोठीत गेले आणि डबे उचलू लागले. आचारी म्हणाला, "पंत, हे बाळंतिणीचे आहेत." पंत म्हणाले, "बाळंतपण काय, दोन वर्षांनी येतेच. असा राजा पुन्हा येणार आहे काय?" आणि डबे गेले. राणीसाहेबांनी ते जाताना पाहिले. दाराशी येऊन म्हणाल्या, "पंत, एक डबा तरी ठेवा." पंतांनी लवून मुजरा केला आणि डबा नेला. महाराजांनी बाळंतिणीचे लाडू आवडीने खाल्ले, आणि वेलदोडा किंचित कमी आहे ऐसे बोलिले.

आता त्या घराण्यात एक चाल होती कीं, धन्याचे पान उठल्याखेरीज राणीने पानावर बसू नये. पूर्वीचे राजे सकाळी घोड्यावर फिरून येत आणि वेळेवर जेवीत, म्हणून चाल सोपी होती. हे महाराज दोन प्रहरी उठत, मग मुखास लेप लागे, लेप वाळेपर्यंत तोंड उघडणे मना, मग स्नान, आणि मग जेवण. राणीसाहेबांचे पान दिवस कलता मांडले जाई. तोवर भूक मरे, आणि त्या दोन घास खाऊन उठत. हौसा चोरून भाकरी आणी. राणीसाहेब म्हणत, "नको ग, कोणी पाहिले तर माझ्या मुलींस म्हणतील, आईने चाल मोडली. उद्या त्यांसही सासरी जाणे आहे."

इतक्यात खबर आली कीं शेजारील राज्याचा वकील तहासाठी येतो. येसोपंतांचा धीर सुटला. म्हणाले, "महाराजांस ऐसे पाहून वकील घरी लिहील कीं राजा खचला, चाल करून या." मग तोड निघाली. दरबारी, मानकरी आणि त्यांच्या बायका, सर्वांनी डोळ्यांखाली काजळ फासावे, म्हणजे वकिलास वाटेल ही इकडची रीतच आहे. हुकूम सुटला. वकील आला आणि पाहतो तो ज्याच्या त्याच्या डोळ्यांखाली काळे. तो शहाणा होता, दुसरे दिवशी स्वतःही बोटभर काजळ लावून आला. त्याची फार वाहवा जाहली.

बायकांची रांग पाहावयास येसोपंत स्वतः गेले. कोणाचे ओघळले, कोणाचे गालावर आले. राणीसाहेबांपाशी येऊन ते थबकले आणि म्हणाले, "वा! काजळ साधावे तर बाईसाहेबांनी. कडेस कसे फिके होत गेले आहे!" मानकऱ्यांच्या बायका विचारू लागल्या, कोणत्या वातीचे, कोणत्या तुपाचे? राणीसाहेब म्हणाल्या, "बाजारात मिळायचे नाही. याला फार दिवस लागतात." आणि सर्व हसल्या, आणि हौसा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तह जाहला, वकिलाने महाराजांस हस्तिदंती फासे नजर केले आणि तो गेला. मग हुकूम निघाला कीं तोंडे धुवावी. सर्वांनी धुतली. राणीसाहेबांचे तसेच राहिले. येसोपंतांनी महाराजांपाशी कागाळी केली कीं घरातूनच हुकूम मोडतो. महाराजांनी राणीसाहेबांस बोलाविले. हौसा न बोलाविता मागे आली, आणि ओले फडके घेऊन भर दरबारात बाईसाहेबांच्या डोळ्यांखाली पुसू लागली, आणि पुसता पुसता कातडे लाल जाहले, परंतु काळे जाईना. म्हणाली, "पाहा, पंत. पाहा, वैद्यबुवा. निघते का काजळ?"

महाराजांनी विचारिले, "राणीसाहेब, हे कधीपासून?"

"बारशापासून, महाराज. आपण काकडीखाली होता."

महाराज शरमले. ते दुष्ट नव्हते, इतकेच कीं त्यांस स्वतःशिवाय कोणी दिसत नसे. त्यांनी लाडू आणविण्यास सांगितले, तो आचारी म्हणाला, "सरकार, शेवटचा आपणच काल घेतला." मग डिंक आणावयास परगण्यात स्वार धावले. जेवणाची चाल मोडावी ऐसे हौसाने म्हटले, तेव्हा येसोपंत म्हणाले कीं शास्त्र्यांस विचारल्यावाचून घराण्याची चाल मोडता येत नाही, आणि शास्त्री गावी गेले आहेत. राणीसाहेब महाराजांकडे पाहून म्हणाल्या, "चाल मोडूच नका. आपण लवकर निजा, सकाळी उठा, वेळेवर जेवा. म्हणजे मीही जेवीन. यापरता उपाय नको."

"शब्द दिला," महाराज बोलिले.

तो शब्द त्यांनी पाळला. दुसरे दिवशी सकाळी उठले, वेळेवर जेविले, आणि राणीसाहेब पाठोपाठ जेविल्या आणि आणखी भात मागितला. हौसाने तो वाढताना डोळे पुसले. परंतु हस्तिदंती फासे नवे होते. मानकरी म्हणाले, "नजर आलेला फासा न खेळविणे म्हणजे तहाचा अपमान." तेव्हा पट मांडला गेला, आणि पुढे रोज मांडला गेला, आणि पान पुन्हा कलत्या दिवसावर गेले. स्वार डिंक घेऊन परतले त्या दिवशी राणीसाहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वाट पाहात उभ्या होत्या. "स्वारी उठली का?" इतके विचारून त्या खाली बसल्या, आणि मग कलंडल्या.

पुढे सुतक आले. सुतकात सोंगट्या खेळता येत नाहीत, म्हणून महाराज दिवे लागताच निजू लागले, आणि सुतक फिटेतो डोळ्यांखालची वर्तुळे पार गेली. दरबारात आनंद जाहला. गुंडोपंत वैद्यांस त्यांच्या उपायांबद्दल पालखीचा मान मिळाला. हौसाने नोकरी सोडिली.

तात्पर्य इतकेच : काळिमा जागरणाने येतो आणि उपासाने येतो, झोपेने जातो आणि अन्नाने जातो, हे त्या राज्यात सर्वांस ठाऊक होते आणि कोणी सांगितले नाही, व ज्यांनी सांगितले त्यांचे कोणी ऐकिले नाही. महाराज पुढे पुष्कळ वर्षे सुखरूप होते.

पौष वद्य द्वितीया, दिवस दोन प्रहर, राणी मैनाबाई वारल्या.