गोधडीखालचं पीठ

खण्ण!

टेबलाखाली काहीतरी पडलं आणि आम्ही चौघंही दचकलो. तोवर त्या लाकडी घरात बराच वेळ कुणी कुणाशी बोललं नव्हतं.

"मॅमी," रेवा कुजबुजली, "समथिंग्ज अलाइव्ह डाउन देअर!"

पण थांबा, आधी मागचं सांगते. सहल आखावी तर मीच, असं मी आयर्लंडमधल्या आमच्या नास गावच्या मराठी मंडळात छाती पुढे काढून सांगत असते. या वेळी तर बेत फारच मनापासूनचा होता. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, बर्फ दाखवायचा! बाबा रिटायर झाल्यावर दाखवणार होते. नागपुरात बसून दोन माकडटोप्या आणून ठेवल्या होत्या त्यांनी. गेल्या दिवाळीनंतर बाबा गेले. आई आमच्याकडे आल्या त्या दोन्ही टोप्या घेऊनच.

आल्यापासून त्या हसल्या नव्हत्या. रडतही नव्हत्या. "हो", "नको", "राहू दे" एवढंच. शुक्रवारी त्यांचं परतीचं विमान होतं. त्याआधी एकदा, एकदाच, त्यांना हसताना बघायचं होतं मला.

आयर्लंडमध्ये बर्फ पडतो तो शाळा बंद करण्यापुरता. पण मला सापडलंच! विकलोच्या डोंगरात खास जपानी पद्धतीचं ओंडक्यांचं घर, वर 'जवळच कुटुंबासाठी स्कीइंग'. फोटोत घर गळ्यापर्यंत बर्फात बुडालेलं. फोटो जपानमधला होता, हे तिथे पोचल्यावर कळलं. आणि स्कीइंग? उतारावर प्लॅस्टिकच्या दातांची हिरवी चटई अंथरलेली, तिच्यावरून घसरायचं! वर आपला नेहमीचा पाऊस.

आईंनी वाकून चटईवर हात फिरवला. "अश्लेषा, हा ब्रश आहे गं. कपडे घासायचा."

सारंग, माझा नवरा, "मी दाखवतो कसं करायचं!" म्हणत दोन्ही पायांवर निघाला आणि पाठीवर पोचला. पँटचं जे झालं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. रेवाच्या डोक्यावरची आजोबांची माकडटोपी नाकापर्यंत उतरली, तिला काही दिसेना, तिनं भोकाड पसरलं. आई ब्रशावरच्या थेंबांकडे बघत उभ्या राहिल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून त्या लाकडी घरात परत येऊन आम्ही तोंडं पाडून बसलो होतो. बसलो होतो त्या जपानी टेबलाशी. टेबल गुडघ्याएवढं, फळीला खालून बसवलेली विजेची मंद शेगडी, आणि चहूबाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेली जाड रजई. पाय आत घालायचे आणि ऊब घ्यायची. घरमालक फिंटननं किल्ली देताना एकच विनंती केली होती. "सगळं खुशाल वापरा, ग्रँड! फक्त ती रजई सांभाळा. माझ्या बायकोनं हातानं शिवलेली आहे. ती आता नाही." आईंना मी भाषांतर करून सांगितलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "गोधडी आहे ही."

तर, खण्ण! रेवानं तपास म्हणून पाय आणखी आत सरकवला.

पचक.

"मॅमी! इट्स वॉर्म! इट्स ईटिंग मी!"

सारंगनं रजई उचलली. आत स्टीलचा मोठा डबा, झाकण उडालेलं, आणि पांढराशुभ्र फेस डब्याबाहेर येऊन जमिनीवर, रजईवर, आणि आमच्या लेकीच्या घोट्यापर्यंत!

"आई!" सारंग ओरडला. "हे काय आहे?"

"डोशाचं पीठ," आई हळूच म्हणाल्या. "तुमच्या घरी ते गरम पाण्याच्या टाकीचं कपाट आहे ना, त्यात ठेवते तेव्हा कुठे दोन दिवसांनी फुगतं. इथे ही गोधडीखालची ऊब बघितली... सकाळीच ठेवलं. जायच्या आधी पोरीला करून घालायचे होते."

अख्खा प्रवास तो डबा त्यांच्या मांडीवर होता. मला वाटलं होतं, लाडू असतील!

पुढचा शहाणपणा सारंगचा. त्यानं रजईचा भिजलेला कोपरा न्हाणीघरातल्या लाकडी टबात बुचकळला. ओली रजई पाणी पिऊन म्हशीएवढी जड झाली आणि सगळीच्या सगळी आत गेली! आम्ही दोघं तिला शिंगं धरून ओढत असतानाच दारावर टकटक. फिंटन, शेकोटीची लाकडं घेऊन!

"थोडंसं दूध सांडलंय," मी म्हणाले. माझ्या केसांत पीठ होतं.

तेवढ्यात आई पुढे आल्या. हात जोडून थेट मराठीत म्हणाल्या, "चूक माझी आहे, दादा. तुमच्या बायकोची आठवण मी खराब केली. मला कळतं ते."

फिंटननं त्यांच्याकडे बघितलं. मग टेबलाखाली वाकून वास घेतला. आणि मटकन खालीच बसला. त्याचे खांदे हलायला लागले. संपलं, मला वाटलं, रडवलं आपण या माणसाला!

तो हसत होता. डोळे पुसत हसत होता. "मिचिको इथेच सोयाबीन आंबवायची! लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत मी मोज्यासकट पाय घातला त्यात. अख्ख्या फुटबॉल टीमच्या बुटांसारखा वास! तीन वर्षं या टेबलाखाली कुणी काही ठेवलं नव्हतं."

"काय म्हणतोय तो?" आईंनी विचारलं.

मी सांगितलं. मोज्यांसकट सांगितलं.

आईंच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. त्यातलं किती हसू होतं आणि किती दुसरं, ते मी तपासलं नाही.

रजई शेकोटीसमोर वाळत घातली. डब्याच्या तळाशी उरलेल्या पिठाचे आईंनी डोसे घातले. फिंटननं चार खाल्ले, पाचव्याला "नो, नो" म्हणत ताट पुढे केलं. आई त्याला वाढत होत्या आणि दोघंही आपापल्या भाषेत एकमेकांशी भरपूर बोलत होते.

बेत फत्ते! बर्फ नाही तर नाही. मी ऐटीत रेवाचे पाय पुसायला घेतले.

रेवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर नेहमी इंग्लिशमध्ये. आज मात्र, आजीलाही ऐकू जावं म्हणून असेल, तिनं एकेक शब्द जुळवत मराठीत विचारलं,

"मॅमी, नागपूरला आजीच्या पिठात पाय कोण घालणार?"