दक्षाबेनच्या घरातला वारा

“एसी लावणं म्हणजे शुद्ध अडाणीपणा!” मुंबईहून आर्किटेक्ट होऊन आलेला रानशेतचा नविन भेटेल त्याला हेच ऐकवायचा. बोलण्याचा रुबाब असा, की डहाणूतला वारा जणू त्याच्याच परवानगीनं वाहतो!

त्याला पहिलं काम मिळालं ते दक्षाबेनच्या घराचं, तेही ऐन किनाऱ्यावर. जागा पाहिली भर पावसाळ्यात.

“भाई, पश्चिमेला बारी नको हां,” दक्षाबेन म्हणाल्या.

“खिडकी नाहीच, बेन! मनोरा आहे. समुद्राचा वारा वरून पकडायचा आणि थेट दिवाणखान्यात सोडायचा. पंखासुद्धा नको!”

खिडकी का नको, हे विचारील तर तो नविन कसला! पलीकडे वाळूत बांबूच्या रिकाम्या वलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांच्या रांगा, उभ्या होत्या. साहेबांना वाटलं, कपडे वाळत घालत असतील. जन्मभर आठवडी बाजारातले सुके बोंबील चापले, पण ते वाळतात कुठे याचा पत्ता नाही! पुढं बांधकाम मुकादमावर टाकून स्वारी कॉलेजांतून ‘वीज वाचवणाऱ्या इमारती आणि तुमचं करिअर’ यावर भाषणं झोडत हिंडली.

उन्हाळ्यात वास्तुशांत झाली. पंगत बसली, श्रीखंड वाढलं, आणि दुपारचा वारा सुटला.

“नविनभाई, आ शुं? देवघरात बोंबील?” कांदासुद्धा न खाणाऱ्या दक्षाबेननी नाकाला पदर लावला. पंगत श्रीखंड टाकून उठली!

त्यातच मुंबईहून सुषमामॅडमचा फोन आला. वीज वाचवणाऱ्या इमारतींची त्यांची मोठी कंपनी होती आणि नविननं तिथं अर्ज टाकला होता. “उद्या घर बघायला येते. आवडलं तर नोकरी पक्की!” नविननं नोकरीचे पेढे रानशेतात कधीच वाटून टाकले होते. आता नकार आला तर गावात तोंड दाखवायला जागा नव्हती.

त्यानं मनोऱ्यात दोन गाद्या कोंबल्या. वास थांबला, पण घराची भट्टी झाली. मग चारोटीहून भाड्यानं एसी आणून पडद्यामागं दडवला. हो, एसीच! अडाणीपणा सोयीचा असला की शास्त्र होतो.

“वा! यंत्राशिवाय एवढा गारवा?” मॅडम खूश झाल्या.

“सगळी मनोऱ्याची किमया, मॅडम!”

तेवढ्यात लाइट गेली. पडद्यामागची घरघर बंद पडली. मॅडमना घामाच्या धारा लागल्या.

“वारा थांबला वाटतं?”

“आणतो, मॅडम!” नविन गच्चीवर धावला आणि त्यानं गाद्या उपसल्या. धडाड्! एक गादी थेट मॅडमच्या पायाशी कोसळली आणि तिच्यामागून अख्खा समुद्रकिनारा घरात शिरला.

मॅडमनी जोरात नाक ओढलं. “अगंबाई, बोंबील! कुठं मिळतात?”

त्या तडक वाळूवर गेल्या आणि दोन किलो घेऊन आल्या. नविनच्या जिवात जीव आला. गाडीपाशी त्यानं हळूच विचारलं, “मॅडम, मग नोकरीचं?”

“नाही रे बाबा. वाटेत काय आहे ते न बघता घरात वारा घेतोस, तुला ठेवून काय करू?” मॅडमनी बोंबलांची पिशवी त्याच्या हातात दिली. “ही डिकीत ठेव. आणि दार लाव पटकन, गाडीतला एसी बाहेर चाललाय!”

नविननं दार लावलं.