टोकेकर साहेबांचं ऑफिस सुटतं तेव्हा

टोकेकर साहेबांचं ऑफिस आणि टोकेकर साहेबांचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीत चांगलं रुंद दार आहे. खुर्चीतून उठून ते दार ढकललं तर माणूस थेट पोळीच्या तव्यापाशी पोचेल. पण साहेबांनी त्या दाराला लोखंडी आलमारी लावून ठेवली आहे. रोज सकाळी ते पायांत बूट घालतात, घराच्या फाटकातून बाहेर पडतात, मल्हारगंजातल्या दोन गल्ल्यांना वळसा घालून, वाटेत भेटेल त्याला रामराम करत घराच्या मागच्या बाजूला येतात, शटर वर करतात आणि ऑफिसात हजर होतात. दुपारचा डबाही तसाच येतो. भिंतीपलीकडे फोडणी बसते, इकडे आम्हाला ठसका लागतो, आणि तीच भाजी त्यांच्याकडे कामाला असलेली कमलाबाई पिशवीत घालून गल्लीला प्रदक्षिणा करून आणते.

"साहेब, ही आलमारी जरा सरकवली तर?" मी एकदा विचारलं.

"ऑफिसला घराकडून दार नसतं, भिया," साहेब म्हणाले. "नस्ती बंद."

भिया म्हणजे इकडचं भैया, आणि नस्ती म्हणजे फाईल. साहेब एका सरकारी कचेरीत बडे बाबू होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण जगातला प्रत्येक प्रश्न त्यांच्या लेखी एक तर 'नस्तीवर घ्यायचा' असतो, नाहीतर त्याची 'नस्ती बंद' झालेली असते.

आता हे ऑफिस कुणाचं? तर आमचं. कंपनी आमची, लॅपटॉप आमचे, काम आमचं. साहेबांचा त्या कंपनीशी काडीचा संबंध नाही. तरीही ऑफिस त्यांचं, हे आम्ही केव्हाच मान्य करून टाकलं आहे.

सुरुवात झाली ऋचामुळे. ही नागपूरची मुलगी, साहेबांच्या माडीवर भाड्याने राहते. आमच्या कंपनीने कर्मचाऱ्यांना मोठी सवलत म्हणून घरून काम करायची मुभा दिली, तेव्हा ती पायजम्यावर गच्चीत बसून लॅपटॉप बडवू लागली. साहेबांनी आठवडाभर हे पाहिलं. मग एक दिवस हळूच वर गेले आणि अत्यंत हळव्या आवाजात म्हणाले, "बेटा, घाबरू नकोस. असं होतं नोकरीत. केव्हा केलं तुला निलंबित?"

"निलंबित?" ऋचा उडालीच. "काका, मी घरून काम करते. बेनिफिट आहे हा!"

"घरी बसवलंय ना?"

"हो."

"आणि पगार चालू?"

"हो, पूर्ण."

"मग त्यालाच निलंबन म्हणतात, बेटा. पण पूर्ण पगार देतायत म्हणजे त्यांच्या कारवाईत चूक आहे. तू लढ. अर्ज मी लिहितो."

आणि त्यांनी खरोखरच तिच्यासाठी दोन पानी अर्ज लिहिला! 'अर्जदार निर्दोष असून तिला सन्मानाने सेवेत परत घेण्यात यावे.' ऋचाने तो अजून जपून ठेवला आहे. बॉस फार छळायला लागला की ती तो मोठ्याने वाचते.

सगळं समजावून सांगितल्यावर साहेब म्हणाले, "म्हणजे माणसं आहेत, काम आहे, ऑफिस तेवढं नाही. ये नी चलेगा." दुसऱ्या दिवशी त्यांनी घरामागची रिकामी दुकानाची खोली उघडली, कोळ्यांची जाळी काढली, चार टेबलं मांडली, माठ ठेवला आणि ऋचाला खाली बोलावलं. पाठोपाठ पलीकडच्या गल्लीतला गौरव आला. तोही आमच्याच कंपनीतला. मी समोरच्या घरात राहतो आणि कंपनीचे हिशेब बघतो. माझ्या घरात मुलींच्या परीक्षा आणि सासूबाईंच्या मालिका एकाच वेळी चालतात. मी तर उडी मारूनच आलो.

आणि फसलो! पायजमा बंद. जागेवरून उठताना कुठे जातो ते सांगायचं. चहा ठरलेल्या वेळी. आलमारीजवळ मोठ्याने बोलायचं नाही. का, म्हणून विचारलं तर डोळे मिटून, "तिकडे ऑडिट चालू आहे."

गौरवचा क्लायंट सातासमुद्रापलीकडचा, म्हणून कंपनीने त्याला कामाची वेळ हवी तशी ठरवायची मोकळीक दिलेली. तो दुपारी बाराला जांभया देत यायचा. साहेब म्हणाले, "लेट."

"साहेब, मला फ्लेक्सी टाइम आहे."

"भिया, फ्लेक्सी हमारे यहाँ भी था. खुर्चीवर कोट टांगायचा आणि निघायचं. फक्त आम्ही त्याला मोठेपणाने नाव नव्हतं दिलं."

पण साहेबांचा खरा अवतार पाहावा तो संध्याकाळी साडेपाचला. शटरबाहेर उभे राहून ते पितळी घंटा अशी बडवतात की पलीकडचा कचोरीवाला कढई सांभाळतो. "सब लोग उठो! घर जाओ! घरी वाट बघणारी माणसं असतात!" घंटा झाली की एक मिनिट थांबू द्यायचे नाहीत. एकदा गौरव क्लायंटशी बोलत होता. साहेबांनी तो लॅपटॉप क्लायंटसकट उचलला आणि बाहेर ओट्यावर नेऊन ठेवला. उरलेली मीटिंग कचोरीच्या वासात झाली. क्लायंटने विचारलं, हे गृहस्थ कोण? गौरव म्हणाला, आमचे प्रशासनप्रमुख. तेव्हापासून तो गोरा दर मीटिंगला आधी साहेबांची तब्येत विचारतो.

आम्हाला हाकललं की साहेब कुलूप लावणार, रिकामा डबा पिशवीत घालणार आणि पुन्हा तोच गल्लीचा वळसा घेऊन घरी. धो धो पाऊस असो, गुडघा सुजलेला असो. आम्ही हसायचो. म्हातारपणीचा चाळा, दुसरं काय!

मग एक दिवस कंपनीची मेल आली. पुढच्या महिन्यापासून आठवड्यातले तीन दिवस कंपनीच्या शहरातल्या ऑफिसातच यायचं. दोन दिवस घरून, ते आपल्या सोयीने निवडा. सगळ्यांनी अर्थातच सोमवार आणि शुक्रवारवर झडप घातली. सुट्टीला जोडून येतात ना!

साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"म्हणजे मधले दिवस इथे कुणीच नसणार?"

"नाही ना."

"मग ऑफिस सुटणार कसं?"

आम्ही हसलो. साहेब हसले नाहीत. "नोंद घेतली," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी मी चष्म्याची डबी ऑफिसात विसरलो. किल्ली मागायला म्हणून साहेबांच्या घराच्या फाटकाशी गेलो, तर तिथे काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, उभ्या. काकूंना हल्ली विसरायला होतं, हे आम्हाला माहीत होतं. बाहेर मात्र त्या फारशा दिसायच्या नाहीत. आज परीटघडीची साडी, केसांत मोगरा, नजर गल्लीच्या वळणावर. मागे कमलाबाई. मी काही बोलणार तोच तिने मला बाजूला घेतलं.

"घंटी सुनी, कि माताजी साड़ी बदलने लगती हैं," ती कुजबुजली. "साहब रिटायर होके घर बैठे थे ना, तब रोज शाम को इसी फाटक पे रोती थीं. हे अजून आले नाहीत, हे अजून आले नाहीत. साहब सामने खड़े होके बोलते, अगं, मी इथेच आहे. तो मेरे से पूछतीं, ये बुड्ढे कौन हैं?"

वळणावरून साहेब आले. बूट, पिशवी, कपाळावर घाम. आणि काकूंच्या चेहऱ्यावर जे उजाडलं, त्याचं वर्णन करायला मी कितीही बडबड्या असलो तरी कमीच पडेन.

"उशीर केलात आज."

"काम होतं गं."

"तो झोपाळू गौरव वेळेवर आला का? आणि त्या पोरीला साहेबाने रजा दिली का?" मग माझ्याकडे पाहून, "हे कोण?"

"हे आमचे हिशेबवाले."

"अगंबाई! फार बोलतात आणि काम करत नाहीत, तेच ना?"

साहेबांनी माझी नजर चुकवली. काकू आत गेल्यावर म्हणाले, "रोज विचारते, आज ऑफिसात काय झालं? मी पूर्वी त्या खोलीत एकटा बसूनही पाहिलं, भिया. पण मला रचून सांगता येत नाही. सगळा जन्म समोर आलेला कागद पुढे सरकवण्यात गेला. काही घडलं नाही म्हटलं की ती पुन्हा फाटकाकडे बघायला लागते."

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या पुणे ऑफिसातून एचआरची मुलगी व्हिडिओवर आली. "सर, सगळी कंपनी सोमवार-शुक्रवारसाठी भांडतेय. तुम्ही तिघांनी मात्र दिवस असे विखरून मागितलेत. एकमेकांशी पटत नाही का तुमचं?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. "तोंड बघवत नाही एकमेकांचं."

ऋचाने सोमवार-गुरुवार घेतले, गौरवने मंगळवार-शुक्रवार. बुधवार माझा. माझा दुसरा दिवस मी बिनधास्त शुक्रवार घेतला. एवढा काही मी संत नाही.

पहिला बुधवार. ऑफिसात मी आणि साहेब. दोनदा चहा झाला. लाइटसुद्धा गेले नाहीत. साडेपाचला साहेबांनी माझ्या एकट्यासाठी तितक्याच जोरात घंटा बडवली, "सब लोग उठो!" मी उठलो. साहेबांनी डबा पिशवीत घातला, कुलूप हातात घेतलं आणि तसेच उभे राहिले.

"भिया," ते म्हणाले, "आज काही घडलंच नाही."

"घडलं नाही म्हणजे काय, साहेब?" मी म्हणालो. "मग मी कशाला आहे?"

आणि लॅपटॉपची बॅग झोकात खांद्यावर टाकत मी असा काही गर्रकन वळलो, की माठ तिवईवरून थेट जमिनीवर! खापऱ्या आलमारीपर्यंत गेल्या. साहेबांच्या बुटांत पाणी शिरलं.

"अरे, ऑफिसचा माठ! डोळे आहेत का तुला? पाच वर्षं टिकला होता! हिशेबवाले म्हणे, हिशेबवाले!" साहेब खरोखर चिडले होते. फचक फचक बूट वाजवत, तावातावाने निघाले. वळणावर पोचेपर्यंत ऐकू येत होते.

मी मागे राहून खापऱ्या गोळा करू लागलो. जरा वेळाने आलमारीमागून बोलणं यायला लागलं. आधी साहेबांचा चढलेला आवाज. मग काकूंचं हसू, थांबता न थांबणारं. आणि मग काकू म्हणाल्या, "काढून टाका हो त्या माणसाला!"

"नको गं," साहेब म्हणाले. "बुधवारी तो एकटाच असतो."