श्रीनाथजींचा डावा पाय

एकदा पाय माझ्या हातात आला, की त्याची काय बिशाद माझ्यापासून काही लपवायची! मी डॉ. निहारिका, पोडियाट्रिस्ट, म्हणजे पायांची डॉक्टर. माळव्यात टावर चौकाजवळ माझा दवाखाना आहे. पाटी वाचून बायका पायांवरच्या मेहंदीचा भाव विचारून जातात, त्यांना मी माफ केलंय. माझं खरं काम मधुमेहाच्या पेशंटचं. त्यांच्या पायांची जाणीव हळूहळू जाते. जखम झालेली कळत नाही, आणि कळते तेव्हा बोट कापायची वेळ आलेली असते.

त्या दिवशी प्रतिभाजी आपल्या यजमानांना, श्रीनाथजींना, ओढतच घेऊन आल्या. साखर जुनी. घरभर फरशीवर रक्ताचे ठसे उमटले होते, आणि ते कुणाचे हे श्रीनाथजींना ठाऊकच नव्हतं!

मी स्टुलावर बसून डाव्या मोज्याला हात घातला. त्यांनी दोन्ही पाय झटकन खुर्चीवर घेतले.

"ना बिटिया! बेटी से पाँव नहीं छुआते. पाप लगता है."

घ्या! माळव्यात मुलीच्या पाया पडतात, तिला पडू देत नाहीत. आमच्या मराठी घरांत असलं काही नाही, त्यामुळे मी साफ विसरले होते.

"बाबूजी, मैं डॉक्टर हूँ!"

"तो क्या डॉक्टर किसी की बेटी नहीं होती?"

"दस्ताने पहन लेती हूँ."

"दस्ताने में भी हाथ तो बेटी का ही है!"

मी हट्टाने पुन्हा वाकले. झालेलं पाप फिटावं म्हणून तेही माझ्या पाया पडायला वाकले. आमची डोकी अशी आपटली, की बाहेरच्या बाकावरची सगळी माणसं दारात! बघतात तर काय, एवढे वयस्कर गृहस्थ डॉक्टरीणबाईंच्या पायाशी! एका आजींनी लगेच माझ्या बुटांना हात लावून कपाळाला लावला. कुणीतरी नातवाला पुढे ढकललं, "माताजी को धोक दे!" म्हणजे नमस्कार कर. भैरवगढहून घोटा मुरगळून आलेला एक जण लंगडत लंगडत दर्शनाच्या रांगेत उभा राहिला.

मला मात्र हसू येईना. अख्खा दवाखाना माझ्या पायांशी, आणि मला हवा तो एक पाय खुर्चीवर! मोज्यावरचा लाल डाग वाढत होता.

"बहू चलेगी?" मी ओरडलेच. "बहू तो पाँव छूती है ना? समझ लो, मैं आपकी बहू!"

श्रीनाथजींनी विचार केला. पाय हळूच खाली आला. प्रतिभाजींनी तेवढ्यात ड्रेसिंगचा टॉवेल उचलून माझ्या डोक्यावर पदरासारखा टाकला. "ससुरजी के सामने खुला सिर?"

तशीच, पदर सावरत, मी मोजा काढला. बुटातल्या खिळ्याने तळव्याला चांगलं भोक पाडलं होतं.

"पर दर्द तो है ही नहीं!" ते म्हणाले.

"यही तो डर है, बाबूजी."

ते स्वतःच्या पायाकडे परक्यासारखे बघत राहिले. "उमर भर इसी पे खड़ा रहा," ते हळूच म्हणाले, "और इसने बताया तक नहीं."

जखम हाडापर्यंत गेली नव्हती, पाय वाचणार होता. मी ती धुतली, पट्टी बांधली, रामघाटावरही अनवाणी जायचं नाही आणि रोज तळवे तपासायचे, असं दोघांकडून वदवून घेतलं. श्रीनाथजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवून 'सदा सुहागन रहो' म्हटलं. मी धन्य झाले!

दारात पोचल्यावर प्रतिभाजी त्यांना म्हणाल्या, "पट्टी तो बहू ने बढ़िया बाँध दी. चलो, अब किसी डॉक्टर को भी दिखा आते हैं!"